फिट

आयुष्यभर मी गंज लपवला.
कुडचड्याच्या गॅरेजात खनिजाचे ट्रक यायचे,
घासायचो, पुट्टी भरायचो, वर केशरी मारायचो.
पुढच्या वर्षी तोच पत्रा, त्याच जागी फोड.

खाणी थांबल्या, ट्रक चाकं उतरवून बसले,
आणि मी गंज विकू लागलो,
वितीहून लहान मालडब्यांवर,
वास्कोच्या एका दातांच्या डॉक्टरासाठी,
ज्याच्या गच्चीवरच्या खोलीत आख्खं कुळें स्टेशन आहे,
फक्त माकडं नाहीत.

गंजाला घाई चालत नाही.
आधी पातळ तपकिरी. तो सुकला
की पाण्याचा हात फिरवून मिठाचे खडे,
आगरातलं जाडं मीठ. पाकिटातल्याचे डाग
मुलाने टिपके काढल्यासारखे दिसतात.
वरून डब्याचा रंग फवारायचा,
वाळला की दात घासायच्या ब्रशाने मीठ झाडायचं,
खडा सुटतो तिथे खालचा तपकिरी
डोळा उघडतो.

शेजारचे इनास रेबेलो संध्याकाळी येऊन बसत.
एकतीस वर्षं त्यांनी कुळेंला गाड्या तपासल्या,
हातोडीने चाक वाजवायचं, कान द्यायचा, पुढचं चाक.
आता डाव्या कानात यंत्र.
माझा पहिला डबा चष्मा कपाळावर सारून पाहिला.
"ना रे. गंज हांगच्यान सुरू जायना."
नखाने दाखवलं: बिजागरीखालून,
जिथे पाणी टेकून राहतं,
आणि वरच्या काठाला, जिथे लोडरचा जबडा लागतो.
बाकी अंगावर धूळच पुरे.
दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून
ती घेऊनच आले. लाल नव्हे, जांभळी नव्हे,
सावर्ड्याच्या सायडिंगची.

चवथीच्या आधल्या आठवड्यात म्हणाले,
एक माझ्यासाठी कर.
खिशातून चिठ्ठी. अकरा आकडे,
पाठ असूनही लिहून आणलेले.
किती जुना करू?
"त्या रात्री होता तेवढा. चड नाका."

कुठली रात्र, ते तीन संध्याकाळी मिळून कळलं.
त्यांनी खडूने फिट लिहिलेला डबा
कोळसा घेऊन घाट चढताना रुळांवरून गेला,
अ‍ॅक्सल मधोमध तुटलेला.
कुणी मेलं नाही. धातूचा दोष,
चौकशीच्या कागदावर तसंच आहे.
डबा दरीतून काढलाच नाही, वेलींना मिळाला.
"चाक वाजयल्लें हांवें. आवाज बरो आशिल्लो."
मग बराच वेळ काहीच नाही.
यंत्र त्यांच्या कानात कधी आलं
ते मी मनात मोजायला घेतलं,
आणि सोडून दिलं.

त्या एका डब्याला महिना गेला.
भरपूर गंज कुणीही काढेल.
अजून धावणाऱ्या, अजून कामावरच्या डब्याचा
थोडा गंज काढायचा, तर हात आवरता येत नाही.
दोनदा थिनरने पुसून पुन्हा मिठापासून सुरुवात केली.
दाराशेजारची खडूची जागा कोरी ठेवली,
टूथपिक पांढऱ्या रंगात बुडवून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी आधी डबा उजव्या कानाशी नेला,
नखाने चाकावर टिचकी मारली.
ऐकलं.
"प्लास्टिक," म्हणाले, आणि हसले.
मग टूथपिक घेतली, पाठ माझ्याकडे करून बसले
आणि इतकं बारीक काहीतरी लिहिलं
की माझ्या भिंगातूनही
ते फिट आहे की तारीख, की दुसरंच, लागत नाही.

वार्निशचा शेवटचा हात मी दिला नाही.
वार्निशने धूळ ओली दिसते, असं त्यांना सांगितलं.
खरं म्हणजे बोट फिरवलं तर पुसता यावं.

डबा त्यांच्या फ्रिजवर असतो, सायबिणीच्या शेजारी.
परवा पाव द्यायला गेलो तेव्हा खाली वाकून पाहिलं:
अ‍ॅक्सलची पिन, टाचणीएवढी,
त्यात तेवढंच खरं लोखंड,
तिच्यावर एक ठिपका चढलाय.
तो माझा नाही.